गाडी गेली, हॉटेल राहिलं

‘रेल्वेचं हॉटेल’ म्हटलं की आपल्या माणसाच्या डोळ्यांपुढे उभी राहते ती रिटायरिंग रूम. अठरा-वीस फूट उंच छत, लांब दांडीचा पंखा, लोखंडी खाट, कोपऱ्यात रेल्वेचा शिक्का मारलेली चादर आणि रात्रभर खिडकीखाली चाललेलं शंटिंग. डोळा लागतो न लागतो तोच लाउडस्पीकरवरची बाई कुठल्यातरी गाडीच्या उशिराबद्दल खेद व्यक्त करते. पण दर माफक, आणि मुख्य म्हणजे पहाटेची गाडी चुकण्याची धास्ती नाही. मी रेल्वेच्या वाणिज्य खात्यात अडतीस वर्षं काढली. मनमाड, भुसावळ, इटारसी अशा जंक्शनांवरच्या या खोल्यांत इतक्या रात्री गेल्या, की घरी गाडीचा आवाज नाही म्हणून यांना झोप येत नाही, असं सौ. चारचौघांत सांगत असते.

इंग्रजांनी त्यांच्या देशात मात्र स्टेशनांपुढे राजवाडे बांधले. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनासमोर मिडलँड रेल्वेचं ‘मिडलँड ग्रँड’ हॉटेल १८७३ साली उघडलं. लाल विटा, टोकदार कमानी, घड्याळाचा मनोरा. त्याचं चित्र आपल्या व्ही. टी.च्या (आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या) चित्राशेजारी ठेवलं, तर दोघी एकाच घराण्यातल्या वाटतात. फरक इतकाच, की लंडनला त्या कमानींमागे पाहुणे झोपत आणि मुंबईला त्या कमानींमागे कारकून फायली हलवत. स्टीव्हन्ससाहेबानं १८८८ पर्यंत दहा वर्षं खपून जी दर्शनी इमारत उभी केली, ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची कचेरी होती. उतारूंना मिळाला मागचा फलाट. पुरीला बंगाल-नागपूर रेल्वेनं समुद्रकाठी चालवलेल्या हॉटेलासारखे अपवाद सोडले, तर आपल्याकडे रेल्वेनं दिमाख दाखवला तो स्वतःच्या कचेऱ्यांवर. पाहुण्यांसाठी तिनं फारसा खर्च केला नाही.

हे सगळं आठवायचं कारण असं, की आमची धाकटी लेक टोरांटोला असते. गेल्या वर्षी आमच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, तेव्हा तिनं आणि जावयांनी आम्हा उभयतांना एक लांबलचक पाकीट दिलं. आत गाडीची तिकिटं आणि तीन हॉटेलांची आरक्षणं. टोरांटोचं ‘रॉयल यॉर्क’, ओटावाचं ‘शातो लॉरिए’ आणि क्वेबेकचं ‘शातो फ्रोंतनाक’. तिन्ही रेल्वेनं बांधलेली. ‘‘बाबा, तुम्ही नायगारा बघून कंटाळाल, पण यांना कंटाळणार नाही,’’ जावई म्हणाले. माणूस पारखण्यात आमची लेक तरबेज आहेच. जावईही तसेच निघाले.

जाण्यापूर्वी सवयीप्रमाणे वाचायला घेतलं. रेल्वेनं हॉटेलं का बांधली, याचं उत्तर कॅनडात अगदी वाणिज्य खात्यातल्या माणसाला पटेल असं आहे. हॉटेलं बांधली कारण खानपानाचा डबा जड होता!

कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचे रूळ नोव्हेंबर १८८५ मध्ये डोंगरात एकमेकांना मिळाले आणि पुढच्या वर्षी गाड्या समुद्रापासून समुद्रापर्यंत धावू लागल्या. रॉकी पर्वतात फील्ड नावाच्या ठिकाणाजवळ चढ होता साडेचार टक्के, म्हणजे बावीस फुटांना एक फूट. आपला बोरघाट सदतीसला एक आहे आणि तिथं आपण कर्जतला बँकर इंजिनं लावतो. बावीसला एक या चढावर डायनिंग कार ओढून नेणं म्हणजे इंजिनाच्या जिवावर बेतणारं काम. तेव्हा रेल्वेनं असं केलं, की डबा काढायचा आणि चढाच्या आसपास जेवणाची घरं बांधायची. गाडी थांबेल, लोक जेवतील, गाडी पुढे जाईल. फील्डला एक, फ्रेझर नदीच्या दरीत एक आणि सेलकर्क डोंगरात हिमनदीच्या पायथ्याशी ‘ग्लेशियर हाउस’. कर्जतला इंजिनासाठी गाडी थांबते म्हणून बटाटावडा खपतो, त्यातलाच हा प्रकार. तिथं वड्याच्या जागी हॉटेल उभं राहिलं एवढंच.

पुढचं डोकं विल्यम व्हॅन हॉर्न या अधिकाऱ्याचं. हजारो मैलांची लाइन टाकून बसलो, पण वाटेत वस्तीच नाही, तर डबे भरायचे कुणी? डोंगर काही मालगाडीत घालून विकता येत नाहीत. मग श्रीमंत प्रवाशांनाच डोंगराकडे आणावं, या हिशेबानं १८८८ साली बॅन्फला मोठं हॉटेल उघडलं. त्याची एक गंमत अजून सांगतात. बांधकाम चालू असताना लक्षात आलं की इमारत उलटी फिरली आहे, आणि नद्यांच्या संगमाचं सर्वांत सुंदर दृश्य स्वयंपाकघराला मिळालं आहे. आचाऱ्यांच्या वाट्याला असं भाग्य जगात फार कमी वेळा आलं असेल. पुढे ती चूक सुधारली म्हणतात. मी असतो तर राहू दिलं असतं.

या सगळ्या वैभवाखाली जे गाडलं गेलं, तेही सांगायला हवं. ब्रिटिश कोलंबियातल्या अवघड डोंगरांत रूळ टाकायला पंधरा हजारांच्या आसपास चिनी मजूर आणले होते. सुरुंगाचं काम त्यांच्याकडे, मजुरी गोऱ्यांपेक्षा कमी. १८८५ साली लाइन पुरी झाली आणि त्याच वर्षी कॅनडात येणाऱ्या चिनी माणसावर सरकारनं पन्नास डॉलरचा डोईकर बसवला. १९०३ साली तो पाचशे डॉलर झाला. सरकारनं माफी मागितली ती २००६ साली. ज्या गाडीतून पाहुणे बॅन्फला हवा खायला येत, तिच्या शयनयानात बिछाने घालणारे नोकर काळे असत, आणि जॉर्ज पुलमन याच्यावरून उतारू त्या सगळ्यांना सरसकट ‘जॉर्ज’ म्हणत. प्रत्येकाला आपलं नाव होतं. कॅनेडियन पॅसिफिकशी त्यांच्या संघटनेचा करार व्हायला १९४५ साल उजाडावं लागलं.

वाचता वाचता एक खटला सापडला, आणि त्यानं माझ्या सहलीला विषयच दिला. व्हिक्टोरिया शहरात याच कंपनीचं ‘एम्प्रेस’ नावाचं हॉटेल आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं कामाच्या तासांचा कायदा केला: दिवसाला आठ तास, आठवड्याला चव्वेचाळीस. कंपनी म्हणाली, हा कायदा आमच्या हॉटेलाला लागू नाही, कारण हॉटेल हा रेल्वेचाच भाग आहे आणि रेल्वे प्रांताच्या अखत्यारीत येत नाही. प्रकरण १९४८ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात आणि तिथून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. मोठमोठ्या कायदेपंडितांनी बसून विचार केला, की हॉटेल म्हणजे रेल्वे काय? निकाल असा लागला, की नाही. गाडीच्या उतारूंना जेवण आणि विसावा देणं हा रेल्वेचा भाग असू शकतो. पण जिथं कुणीही यावं, पैसे मोजावे आणि राहावं, ते हॉटेल निराळा धंदा आहे, मालक रेल्वे असली तरी. भांडी घासणाऱ्याचे तास त्या एका वाक्यावर कमी झाले.

मला तो निकाल फार आवडला. हॉटेल रेल्वेचं ठरतं ते मालकीनं नव्हे, उतारूमुळे. त्या कसोटीवर आपण तिन्ही हॉटेलं पाहावीत, असं मी ठरवलं. सौ.नं आरामात राहावं, असं ठरवलं. शेवटी दोघांचंही साधलं.

टोरांटोच्या युनियन स्टेशनात पाऊल टाकलं आणि सवयीनं मान वर गेली. प्रचंड दालन, कमानदार छत, आणि भिंतीच्या वरच्या पट्टीत या गाड्या जिथं जिथं जात त्या शहरांची नावं दगडात कोरलेली. इंडिकेटरवरचं नाव बदलतं. दगडातलं बदलत नाही. कुणा मुख्य अभियंत्याला आपल्या रेल्वेबद्दल केवढी खात्री असेल! तिथून जिना उतरलं, की रस्त्याखालून जाणारी भुयारी वाट थेट समोरच्या रॉयल यॉर्कच्या पोटात निघते. बाहेर हिमवर्षाव असो की पाऊस, गाडीतून उतरलेल्या माणसाचा बूटही भिजू नये ही सोय १९२९ ची.

त्या वर्षीच्या जूनमध्ये हे हॉटेल उघडलं तेव्हा ब्रिटिश साम्राज्यातली ती सर्वांत उंच इमारत होती. अठ्ठावीस मजले, एक हजार अठ्ठेचाळीस खोल्या, प्रत्येक खोलीत न्हाणीघर आणि रेडिओ. लंडनच्या मिडलँड ग्रँडमध्ये सगळ्या मजल्यांत मिळून न्हाणीघरं मोजकीच होती, आणि खोलीखोलीतून पाणी वाहून नेणाऱ्या नोकरांचा खर्च परवडेना, हे १९३५ साली ते बंद पडण्यामागचं एक मोठं कारण. नळ आणि सांडपाण्याची व्यवस्था यांनी जितकी हॉटेलं बुडवली तितकी मंदीनं बुडवली नसतील, असं माझं मत आहे. मंदी रॉयल यॉर्कलाही आलीच, उघडल्यावर अवघ्या चार महिन्यांनी. ते तगलं.

आम्हाला खोली मिळाली ती मोठी नव्हती. जुन्या हॉटेलांत खोल्या लहान आणि दिवाणखाने मोठे असतात. कारण माणसानं खोलीत झोपावं आणि बाकी वेळ चारचौघांत बसावं, अशी तेव्हाची समजूत. आम्ही खाली मोठ्या दालनात घड्याळाजवळ दीड तास बसलो. पाहिलं तर दर पंधरा-वीस मिनिटांनी बॅगा ओढत माणसं येत होती. पाठीला पिशवी लावलेला तरुण, दोन पोरं सांभाळणारी आई, कामाला आलेले सूटवाले. त्यातली बरीच भुयाराकडून येत होती. म्हणजे उतारू! माझ्या वहीत रॉयल यॉर्कपुढे मी बरोबरची खूण केली.

याच हॉटेलात १९६१ साली मोठा संप झाला. वेटर, सफाईवाल्या, स्वयंपाकी असे हजाराच्या घरात लोक बाहेर पडले. कंपनीनं कळवलं, परत या, नाहीतर नोकरी संपली समजा. संप जवळजवळ वर्षभर चालला आणि प्रश्न पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६२ साली न्यायालयानं सांगितलं, की कायदेशीर संपावर गेलेला माणूस नोकर राहतोच. संपामुळे त्याची नोकरी जात नाही. आपल्याकडच्या १९७४ च्या रेल्वे संपात हजारोंच्या नोकऱ्या गेल्या आणि सरकार बदलल्यावर १९७७ नंतर लोक परत घेतले गेले, तो काळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या निकालाचं मोल सांगायला नको. त्या दालनातलं झुंबर पाहताना मला झुंबर पुसणाऱ्यांची आठवण आली, त्याचं कारण हे.

टोरांटोहून ओटावा गाडीनं साडेचार तास. मेपलची झाडं पेटल्यासारखी लाल झाली होती, आणि सौ. खिडकीशी जी बसली ती उठलीच नाही. मी तिकीट तपासनिसाशी ओळख काढली. ‘‘इंडियन रेल्वे?’’ तो म्हणाला, ‘‘मग आमची तुम्हाला खेळण्यातली वाटत असेल!’’ मी सभ्यपणे नाही म्हणालो. मोजक्याच गाड्यांची ती लाइन खरंच खेळण्यातली वाटत होती.

ओटावाच्या स्टेशनावर उतरलो, तर समोर मोकळी जागा, मोटारी आणि रस्ते. शातो लॉरिए कुठं? टॅक्सीनं काही किलोमीटर गेल्यावर दिसलं: तांब्याचं हिरवं छप्पर, निमुळते मनोरे, खाली कालव्याचे पायऱ्यांसारखे उतरत गेलेले आठ दरवाजे आणि पलीकडे संसद. तिन्हींत हे सर्वांत देखणं. पण ज्या युनियन स्टेशनासाठी ते बांधलं, ते रस्त्याच्या पलीकडेच उभं आहे आणि तिथं एकही गाडी येत नाही. १९१२ साली दोन्ही इमारती बरोबरीनं उघडल्या. रस्त्याखालून भुयारही होतं. १९६६ च्या जुलैअखेर स्टेशन बंद करून शहराबाहेर नेलं. कालव्याकाठचे रूळ उखडून तिथं मोटाररस्ता केला. जुन्या स्टेशनात आधी परिषदा भरत. २०१९ पासून संसदेची दुरुस्ती होईपर्यंत तिथं सिनेट भरते. फलाटावरच्या वेटिंग रूममध्ये देशाचं वरिष्ठ सभागृह! आपल्याकडे कुणी ही सूचना केली असती तर हसले असते लोक.

या हॉटेलाचं नशीबही मुळापासून वेगळं. ते बांधलं ग्रँड ट्रंक रेल्वेच्या चार्ल्स हेज यांनी. उद्घाटन एप्रिल १९१२ अखेरीला ठरलं होतं. हेज त्यासाठी इंग्लंडहून परतत होते, आणि त्यांनी जहाज निवडलं टायटॅनिक. हेज बुडाले. लॉबीसाठी लॉरिए यांचा अर्धपुतळा घडवणारा फ्रेंच शिल्पकार पॉल शेव्ऱे त्याच जहाजावर होता, तो वाचला. उद्घाटन जूनमध्ये गाजावाजा न करता उरकण्यात आलं. पुतळा अजून आहे. तो पाहिल्याशिवाय सौ. जेवायला येईना.

चर्चिलचं ते प्रसिद्ध, कपाळाला आठ्या घातलेलं छायाचित्र आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. ते काढणारे युसुफ कार्श अनेक वर्षं याच हॉटेलात राहत आणि त्यांचा स्टुडिओही इथंच होता. त्यांच्या सहीची ती प्रत वाचनकक्षात लावलेली होती. २०२२ च्या ऑगस्टमध्ये एका कर्मचाऱ्याच्या लक्षात आलं, की चौकट शेजारच्या चौकटींसारखी नाही. खरी प्रत कित्येक महिन्यांपूर्वीच कुणीतरी उचलून नेली होती आणि भिंतीवर नक्कल शांतपणे आठ्या घालून बसली होती. ती २०२४ साली इटलीत सापडली आणि परत आली. आपल्या गाडीत टमरेलसुद्धा साखळीला बांधलेलं असतं, त्यामागे केवढा दूरदर्शीपणा आहे हे त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी खिडकीतून जुन्या स्टेशनाचे खांब दिसत होते. मी बराच वेळ उभा होतो. ‘‘तुम्हाला हॉटेल नकोच आहे, स्टेशन हवंय,’’ सौ. म्हणाली. खोटं नव्हतं. पण हेही खरं, की हे हॉटेल आज उत्तम चाललं आहे. राजकारणी येतात, लग्नं होतात, परदेशी पाहुणे उतरतात. कॅनेडियन नॅशनल रेल्वेनं आपली हॉटेलं १९८८ साली कॅनेडियन पॅसिफिकला विकली, १९९९ मध्ये ती फेअरमाँट नावाखाली गेली, आणि २०१६ पासून फेअरमाँट फ्रेंच अकोर समूहाकडे आहे. गाडी गेली म्हणून हॉटेल मेलं नाही. डोंगरातल्या ग्लेशियर हाउसचं मात्र तसं झालं नाही. १९१६ साली नवा बोगदा झाला, लाइन वळली, दारातली गाडी गेली आणि १९२५ साली ते बंद पडलं. आता तिथं नुसता पाया उरला आहे. शहराच्या मध्यावर असलेलं हॉटेल आणि एकट्या रुळाच्या भरवशावर असलेलं हॉटेल, यांच्या नशिबात एवढा फरक.

क्वेबेकचं शातो फ्रोंतनाक हे तर रेल्वेचं हॉटेल म्हणून कुणी ओळखतच नाही. सेंट लॉरेन्स नदीवरच्या कड्यावर ते किल्ल्यासारखं बसलं आहे. स्टेशन खालच्या गावात, हॉटेल वरच्या गावात. इथं भुयार नव्हतं, चढ होता. १८९३ साली ते उघडलं तेव्हा कॅनेडियन पॅसिफिकचं गणित नुसत्या गाडीचं राहिलं नव्हतं. युरोपातून बोटीनं आलेल्या श्रीमंतांनी इथं दोन रात्री राहावं, मग रेल्वेनं बॅन्फ पाहावं, व्हँकुव्हरहून कंपनीच्याच आगबोटीनं जपान-हाँगकाँग गाठावं. सगळं एका खिडकीवर. वाणिज्य खात्यातला माणूस म्हणून मी त्यांना मनोमन सलाम केला.

हॉटेलसमोर लाकडी फळ्यांचा लांबच लांब सज्जा आहे. पाटी वाचली: डफरिन टेरेस. सोलापूरचा डफरिन चौक माहीत असलेल्या माणसाला एकदम गावचा भेटल्यासारखं झालं. तोच लॉर्ड डफरिन. आधी कॅनडाचा गव्हर्नर जनरल, मग १८८४ ते १८८८ हिंदुस्थानचा व्हाइसरॉय. त्याच्याच कारकिर्दीत काँग्रेस स्थापन झाली. साहेबाच्या बदल्याही कुठून कुठं होत!

ऑगस्ट १९४३ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर १९४४ मध्ये रूझवेल्ट आणि चर्चिल क्वेबेकला भेटले. ते स्वतः जवळच्या किल्ल्यात उतरले होते. त्यांचे सेनापती, नकाशे आणि टंकलेखक फ्रोंतनाकमध्ये. बाकी पाहुण्यांना खोल्या रिकाम्या कराव्या लागल्या. नॉर्मंडीच्या स्वारीची चर्चा ज्या मेजांवर झाली, तिथं आता न्याहारीला पॅनकेक मिळतात. मी दोन खाल्ले.

दोन दिवस मी दालनात बसून उतारू शोधले. बसनं आलेले जथे होते, मोटारीनं आलेली जोडपी होती, नदीवर नांगरलेल्या मोठ्या बोटींचे प्रवासी नुसतं आत डोकावून फोटो काढून जात होते. गाडीनं आलेलं मला आमच्याशिवाय कुणी दिसलं नाही. प्रिव्ही कौन्सिलच्या हिशेबानं हे हॉटेल रेल्वेचं नाही, कधी होतं की नाही हीही शंका. आणि तरी तीन हॉटेलांत पाठ टेकल्याबरोबर गाढ झोप मला इथंच लागली, हे सौ.नं मुद्दाम लिहायला सांगितलं आहे.

पश्चिमेकडे तर गंमतच आहे. १९९० च्या जानेवारीत सरकारनं गाड्या कमी केल्या, तेव्हा टोरांटो-व्हँकुव्हर गाडीचा मार्ग उत्तरेकडे गेला. ज्या बॅन्फच्या हॉटेलानं ही सारी कल्पना जन्माला घातली, तिथं तेव्हापासून साध्या तिकिटाची गाडी जात नाही. जाते ती मोसमात, पर्यटकांची, भारी भाड्याची. व्हॅन हॉर्ननं गाडी भरावी म्हणून हॉटेल बांधलं होतं. आता हॉटेल भरलेलं आहे आणि रोजची गाडीच नाही.

परतीच्या गाडीनं टोरांटोला पोहोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. लेक-जावई घ्यायला आले होते आणि मोटार रॉयल यॉर्कच्या बाजूला लावली होती. ‘‘बाबा, रस्ता ओलांडून जाऊ, जवळ पडेल,’’ जावई म्हणाले. बाहेर पाऊस नव्हता, बर्फ नव्हता, थंडीही बेताचीच. मी बॅग घेतली आणि भुयाराचा जिना उतरायला लागलो.